नियंत्रण गटातील स्त्रिया

पनवेल तालुक्यात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था उभी आहे. तिचा लौकिक कोणी नाकारणार नाही. परंतु खारघरच्याच डोंगरातील आदिवासी पाड्यांवर किती स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी आजवर झाली, हा प्रश्न विचारणे भाग आहे. कारण ही तपासणी जीव वाचविते, हे गरीब स्त्रियांच्याच मरणाने सिद्ध करण्यात आले.

१९९८ साली टाटा केंद्राने अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशावर मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांची चाचणी आरंभिली. निम्म्या स्त्रियांची व्हिनेगर लावून दर दोन वर्षांनी तपासणी होई. उरलेल्या निम्म्यांना रोगाची माहिती एकवार सांगितली गेली. हा 'नियंत्रण गट'! उस्मानाबाद जिल्ह्यात गेट्स प्रतिष्ठानच्या साह्याने अशीच चाचणी झाली. तेथे तपासणीविना ठेवलेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी आठ वर्षांत या रोगाने दगावल्या. विषाणूचाचणी झालेल्या ३४,१२६ जणींत ३४.

रोग जडलेल्यांना उपचार देऊ केले गेले, हे मान्य. पण समर्थन काय झाले? भारतात अशा स्त्रियांची तपासणी होतच नाही, तेव्हा तपासणी न करणे हीच येथील प्रचलित पद्धती! प्रचलित कोणासाठी? पॅप चाचणी तेव्हा अर्धशतकाची जुनी होती आणि त्याच मुंबईत पैसे मोजणाऱ्या स्त्रीला ती मिळत होती. शासनाने गरिबाची उपेक्षा करावयाची आणि शास्त्राने त्या उपेक्षेलाच मोजपट्टी मानावयाचे, हा कोणता न्याय? संमतीपत्रांवर सह्या-अंगठे होते म्हणावे, तर मुंबईतील स्त्रियांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा ठपका खुद्द अमेरिकी शासनाच्या देखरेख कार्यालयाने ठेवला.

२०१३ साली मुंबईचा निष्कर्ष जाहीर झाला: व्हिनेगर-तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात. २०१६ साली केंद्र शासनाने तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याचे ठरविले. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही तपासणी झालेली आढळली नाही. म्हणजे चाचणी संपली. नियंत्रण गट तेवढा देशभर पसरला.

व्हिनेगर महाग नाही. पनवेल महानगरपालिकेने आणि रायगड जिल्हा परिषदेने प्रत्येक आरोग्य केंद्रात तपासणीचा वार ठरवावा आणि झालेल्या तपासण्यांचा आकडा प्रभागांत व ग्रामसभांत वाचून दाखवावा. तो मागण्यासाठी कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेची वाटही पाहू नये.