आधी चेहरा, मग पदके

तैलरंगातले व्यक्तिचित्र शिकायला जुन्या सेनापतीच्या चित्राची नक्कल करा म्हटले, की अनेक जण नाक मुरडतात. नकलेने हात गुलाम होतो म्हणे! मग लंडनच्या नॅशनल गॅलरीतला गोयाचा वेलिंग्टन पाहावा (१८०३ च्या असईच्या लढाईतला वेलस्ली तो हाच). चित्र १८१२ चे. पुढे नवे सन्मान मिळाले तशी गोयाला छातीवरची पदके बदलावी लागली. जवळून ती नुसते रंगाचे फटकारे वाटतात, चार पावले मागे सरकले की धातू चमकतो. फटकारा नेमका कुठे थांबवायचा, हे ब्रश हाती घेतल्याशिवाय उमगत नाही. रुबेन्सने तर पन्नाशी उलटल्यावर माद्रिदमध्ये तिशियनच्या नकला केल्या. त्याचा हात काही गुलाम झाला नाही.

समोर बसलेल्या जिवंत माणसाची जागा नक्कल घेत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. छायाप्रकाशाचे निर्णय तिथे दुसऱ्याने आधीच घेतलेले असतात. पण नवशिक्याला तेच निर्णय वाचायला शिकायचे असते. म्हणून सोनेरी कलाबतूचा मोह आवरा. आधी ते थकलेले डोळे आणि किंचित विलगलेले ओठ जुळवा. पदके शेवटी रंगवा.