क्रमांक कुणाचा, आकडे कुणाचे?

दरवर्षी जून महिन्यात, इकडे प्रवेशाची धावपळ सुरू असताना, 'क्यूएस' या ब्रिटिश कंपनीची जागतिक विद्यापीठांची यादी जाहीर होते. आपल्याकडची बातमी ठरलेली असते. आयआयटी मुंबई इतके क्रमांक वर गेली किंवा खाली आली. २०२४च्या यादीत १४९, २०२५च्या यादीत ११८, २०२६च्या यादीत १२९. वर गेली की अभिनंदन, खाली आली की चिंता. हे क्रमांक ज्या आकड्यांवरून काढले, ते आकडे कुणी मोजले आणि कुणी तपासले, हा प्रश्न मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीतही सहसा सापडत नाही.

प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा असता तर सोडून देता आला असता. पण या याद्यांवर आता बरेच काही ठरते. महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठ क्यूएसच्या यादीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते. ब्रिटनने २०२२मध्ये सुरू केलेल्या विशेष व्हिसासाठी सुरुवातीला जागतिक याद्यांतील पहिल्या पन्नासांतल्या विद्यापीठाची पदवी लागत असे. त्याच्या पहिल्या यादीत एकही भारतीय संस्था नव्हती. परदेशी विद्यापीठाला भारतात शाखा उघडायची असेल, तर पहिल्या ५००मधील स्थान हा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या नियमांतील एक निकष आहे. आणि घर गहाण ठेवून मुलांना परदेशी पाठवणारे पालक तर याच यादीवर बोट ठेवून विद्यापीठ निवडतात.

आधी हे क्रमांक तयार कसे होतात ते पाहू. क्यूएस, 'टाइम्स हायर एज्युकेशन' आणि शांघायची क्रमवारी या तीन प्रमुख याद्या. त्यांची माहिती मुख्यतः तीन ठिकाणांहून येते. पहिले, खुद्द विद्यापीठांनी भरून पाठवलेले तक्ते: अध्यापक किती, विद्यार्थी किती, परदेशी किती. दुसरे, संशोधनाच्या व्यावसायिक माहितीसाठ्यांतील नोंदी: किती शोधनिबंध छापले आणि इतरांनी त्यांचा किती वेळा संदर्भ दिला, म्हणजेच सायटेशन. तिसरे, प्राध्यापकांना आणि नोकरी देणाऱ्यांना 'तुमच्या मते चांगली विद्यापीठे कोणती' असे विचारून केलेले सर्वेक्षण. शांघायच्या यादीत असे सर्वेक्षण नसते. तिथे नोबेलसारखी पारितोषिके आणि संशोधन यांवर भर असतो. तिन्ही ठिकाणी गडबडीला वाव आहे, आणि तिन्ही ठिकाणी ती झालेलीही आहे.

पहिल्या प्रकारचे सर्वांत गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे. 'यू. एस. न्यूज' या अमेरिकी क्रमवारीत हे विद्यापीठ देशात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते. फेब्रुवारी २०२२मध्ये तिथल्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, विद्यापीठाने दिलेले आकडे विद्यापीठाच्याच इतर नोंदींशी ताडून पाहिले. विद्यापीठ सांगत होते की त्याचे ८२.५ टक्के वर्ग वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे आहेत. थॅडियस यांनी वर्गांची सूची मोजली, तेव्हा हे प्रमाण ६३ ते ६७ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. अध्यापनावरचा खर्च ३.१ अब्ज डॉलर दाखवला होता. हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या एकत्रित खर्चाहूनही तो जास्त होता. रुग्णसेवेवरचा खर्च अध्यापनात धरल्याशिवाय एवढा आकडा येऊ शकत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या कोणत्याही विद्यापीठात ही मेख आहे. वॉर्डात रुग्ण तपासणारा डॉक्टर शेजारी उभ्या विद्यार्थ्यांना शिकवतही असतो. त्याचा पगार कोणत्या रकान्यात टाकायचा, हे माहिती भरणाराच ठरवतो.

सप्टेंबर २०२२मध्ये कोलंबियाने चूक मान्य केली. लहान वर्गांचे खरे प्रमाण सुमारे ५७ टक्के होते, थॅडियस यांच्या अंदाजाहूनही कमी. त्याच महिन्यात आलेल्या नव्या यादीत विद्यापीठ दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरले. पुढच्या वर्षी त्याने या क्रमवारीला पदवी अभ्यासक्रमांची माहिती देणेच थांबवले. फसवणूक झाल्याचे सांगत विद्यार्थ्यांनी खटला भरला होता. तो मिटवण्यासाठी ९० लाख डॉलर देण्याची तयारी विद्यापीठाने २०२५मध्ये दाखवली. यातली लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी की ही चूक क्रमवारी काढणाऱ्यांनी पकडलेली नव्हती. एका प्राध्यापकाने ती स्वतःच्या वेळात शोधली.

फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठाचे प्रकरण तर फौजदारी न्यायालयात गेले. तिथला ऑनलाइन एमबीए अभ्यासक्रम सलग चार वर्षे देशात पहिला होता. सर्व विद्यार्थ्यांनी जीमॅट ही प्रवेश परीक्षा दिल्याचे कळवले गेले होते. प्रत्यक्षात जेमतेम पाचव्या हिश्श्याने ती दिली होती. व्यवसाय शाखेच्या माजी अधिष्ठात्यांना त्यासाठी २०२२मध्ये १४ महिन्यांची कैद झाली. या दोन्ही घटना अमेरिकेच्या देशांतर्गत यादीतल्या आहेत हे खरे. पण पद्धत जागतिक यादीतही तीच: विद्यापीठाने माहिती भरायची आणि कंपनीने ती बहुतांशी मान्य करायची. रुग्णाने आपला ताप आपणच मोजून तक्त्यावर लिहावा आणि डॉक्टरांनी तेवढ्यावर औषध ठरवावे, असा हा प्रकार आहे.

मग सायटेशनचे आकडे तरी भरवशाचे असतील, असे वाटते. ते विद्यापीठ भरत नाही, माहितीसाठ्यातून येतात. इथला घोटाळा मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१०मध्ये टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत इजिप्तचे अलेक्झांड्रिया विद्यापीठ १४७वे आले आणि संशोधनाच्या प्रभावात थेट जगात चौथे. कारण शोधले, तेव्हा एकाच संशोधकाचे निबंध हाती लागले. त्यातले अनेक तो स्वतः संपादक असलेल्या नियतकालिकात छापलेले होते.

कधी आकडा खरा असतो, पण अर्थ चुकीचा निघतो. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या प्रयोगांवर हजारो शास्त्रज्ञ काम करतात आणि निबंधावर सर्वांची नावे येतात. २०१५च्या एका निबंधावर ५,१५४ लेखक होते. जगभर अशा निबंधांचे संदर्भ दिले जातात आणि श्रेय प्रत्येक लेखकाच्या संस्थेच्या खात्यात पूर्ण जमा होत होते. २०१३मध्ये चंडीगडचे पंजाब विद्यापीठ आयआयटींना मागे टाकून भारतात अव्वल ठरले, त्यात या सहभागाचा मोठा वाटा होता. संशोधकांचे काम खरेच होते. पण त्यावरून अख्ख्या विद्यापीठाच्या दर्जाचा अंदाज कसा काढणार? आरोग्य क्षेत्रातही हेच दिसते. 'लॅन्सेट'मध्ये येणाऱ्या 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' अभ्यासमालेच्या निबंधांवर शेकडो लेखक असतात आणि त्यांना हजारोंनी सायटेशन मिळतात. छोट्या संस्थेतले दोनचार जण त्यात असले, तरी संस्थेची सरासरी उंच उडी घेते. टाइम्सने २०१५पासून हजाराहून अधिक लेखकांचे निबंध वगळले, नंतर ही पद्धत पुन्हा बदलली. म्हणजे दोष मान्य झाला, पण आधीच्या याद्यांवरून जे निर्णय झाले ते तसेच राहिले.

यापुढची पायरी म्हणजे श्रेय विकत घेणे. शांघायच्या यादीत २० टक्के गुण 'सर्वाधिक संदर्भ मिळणारे संशोधक' किती आहेत यावर असतात. २०२३मध्ये स्पेनच्या वृत्तपत्रांनी उघड केले की काही नामवंत संशोधक काम युरोपात करत होते, पण मुख्य संस्था म्हणून सौदी अरेबियातील विद्यापीठाचे नाव देत होते. कोर्डोबा विद्यापीठाने अशा एका रसायनशास्त्रज्ञाला १३ वर्षांसाठी निलंबित केले. भारतही यापासून दूर नाही. त्याच वर्षी 'सायन्स' या साप्ताहिकाने दक्षिण भारतातील एका दंत महाविद्यालयाविषयी वृत्त दिले. विद्यार्थ्यांकडून मोठ्या संख्येने निबंध लिहून घेऊन त्यांत संस्थेच्याच निबंधांचे संदर्भ पेरले जातात, असे त्यात म्हटले होते. संस्थेने गैरप्रकाराचा आरोप नाकारला. देशी क्रमवारीत ती संस्था तेव्हा दंतवैद्यकात अग्रस्थानी होती.

तिसरा भाग सर्वेक्षणांचा. क्यूएसच्या सध्याच्या पद्धतीत प्राध्यापकांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या मताला मिळून १०० पैकी ४५ गुण आहेत. ही मते ऐकीव कीर्तीवर बेतलेली असतात. ज्याचे नाव आधीच मोठे, त्याचेच पुन्हा घेतले जाते. शिवाय क्रमवारी काढणाऱ्या कंपन्या विद्यापीठांना सल्लाही विकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतील एका संशोधकाने २०२१मध्ये २२ रशियन विद्यापीठांची पाहणी प्रसिद्ध केली. क्यूएसशी वारंवार करार करणारी विद्यापीठे पाच वर्षांत सुमारे १४० क्रमांकांनी वर सरकली आणि गुणवत्तेतल्या बदलाने ही वाढ समजावता येत नव्हती, असा त्याचा निष्कर्ष होता. क्यूएसने तो फेटाळला. पण परीक्षकानेच शिकवणी घ्यावी का, हा प्रश्न त्याने संपत नाही.

समजा सगळे आकडे अचूक आहेत. तरीही कोणत्या गोष्टीला किती गुण, हे ठरवणारी कंपनीच असते. २०२४च्या यादीसाठी क्यूएसने गुणांची वाटणी बदलली: अध्यापक-विद्यार्थी प्रमाणाचे गुण २०वरून १० केले आणि तीन नवे निकष आणले. बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था एका वर्षात १५५वरून २२५व्या स्थानी गेली, तर आयआयटी मुंबई १७२वरून १४९व्या स्थानी आली. बंगळूरुतले शास्त्रज्ञ एका वर्षात विज्ञान विसरले नव्हते; बदलली होती ती मोजपट्टी. प्रयोगशाळेत कोणतेही मापन 'इतके अधिक-उणे इतके' असेच लिहितात. विद्यापीठांच्या क्रमांकापुढे मात्र हे अधिक-उणे क्वचितच दिसते, आणि ११८ व १२९ यांतला फरक आपण खरा समजून बसतो.

म्हणून काही जण या खेळातून बाहेर पडत आहेत. मुंबईसह सात आयआयटींनी पारदर्शकतेच्या मुद्द्यावर २०२०मध्ये टाइम्सच्या क्रमवारीवर बहिष्कार टाकला. नेदरलँड्सचे उत्रेख्त आणि स्वित्झर्लंडचे झुरिक ही विद्यापीठेही त्या यादीतून बाहेर पडली. नेदरलँड्सच्याच लायडेन विद्यापीठाने २०२४मध्ये आपल्या क्रमवारीची खुली आवृत्ती काढली. तिच्यामागची माहिती आणि हिशेब कुणीही तपासू शकतो.

आपली राष्ट्रीय क्रमवारी, 'एनआयआरएफ', २०१६पासून निघते. तिलाही बरीच माहिती संस्थाच पुरवतात. ही माहिती नीट पडताळली जात नाही, अशा तक्रारीवरून मार्च २०२५मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने यादी प्रसिद्ध करण्यास अंतरिम स्थगिती दिली होती. पुढे ती उठली आणि सप्टेंबरमध्ये यादी आली. मागे घ्याव्या लागलेल्या शोधनिबंधांबद्दल गुण कापण्याची सुरुवातही त्याच वर्षी झाली.

क्रमवाऱ्या साफ बंद कराव्यात, असे म्हणणे सोपे आहे. पण ते पूर्ण न्याय्य नाही. ज्याच्या घरात आधी कुणी परदेशी गेलेले नाही, ओळखीचे कुणी प्राध्यापक नाहीत, त्या विद्यार्थ्याला यादीमुळे निदान नावे कळतात. बनावट विद्यापीठापासून तो वाचतो. यादीचा उपयोग दिशा दाखवण्यापुरता आहे. अडचण होते ती यादीलाच निर्णय मानल्यावर.

पालक-विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे? विद्यापीठाचा एकूण क्रमांक न पाहता आपल्या विषयाचा विभाग पाहावा. पाचदहा क्रमांकांच्या फरकाला किंमत देऊ नये. एकच यादी न धरता निदान दोन-तीन याद्या आणि तीन-चार वर्षांचे क्रमांक पाहावेत. ज्या संस्थेने अचानक मोठी झेप घेतली, तिच्याबाबत अधिक चौकशी करावी. भारतीय संस्थांबाबत एक हत्यार आपल्या हातात आहे. एनआयआरएफला भरून दिलेली माहिती प्रत्येक संस्थेला आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात अध्यापकांची नावे, नोकरी लागलेल्यांची संख्या आणि मध्यक पगार असतो. ती उघडावी आणि तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाला विचारावे: हे सर खरेच शिकवायला येतात का? यादीतले किती जण तासिका तत्त्वावरचे आहेत? तुमच्या वर्गात किती जण बसतात?

सरकारची जबाबदारी याहून मोठी आहे. गरीब घरातल्या हुशार मुलाची शिष्यवृत्ती एका खासगी परदेशी कंपनीच्या यादीतल्या क्रमांकावर अडत असेल, तर त्या क्रमांकामागची माहिती तपासण्याची सोय आपल्याकडे हवी. ती नसेल, तर निदान विषयवार दर्जा आणि एकाहून अधिक याद्या ग्राह्य धराव्यात. आज त्या विद्यापीठाचे गुण कंपनीने वाटणी बदलल्यामुळे घसरले, तर दंड त्या मुलाला होतो, आणि त्याची दाद मागायला त्याच्याकडे कोणतीही खिडकी नाही.