पगार बारा, रिचार्ज तेरा

आपल्याला वर्षातून पगार किती वेळा मिळतो? बारा वेळा. घरभाडे बारा वेळा, सोसायटीचा हप्ता बारा वेळा. मोबाईलचे रिचार्ज मात्र आपल्यापैकी बहुतेक जण वर्षातून तेरा वेळा करतात. कारण त्या रिचार्जचा ‘महिना’ २८ दिवसांचा असतो आणि तेरा गुणिले अठ्ठावीस म्हणजे ३६४. पंचांगातला अधिक मास साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. हा अधिक मास दरवर्षी येतो आणि कामगाराच्या खिशातून जातो.

काही जुने साथी म्हणतील, महागाई भत्ता, पेन्शन, ठेकेदारी हे प्रश्न सोडून सेक्रेटरी आता मोबाईलवर लिहू लागले! पण भत्त्याच्या एकेका टक्क्यासाठी आपण गेट मीटिंग घेतो. मग घरात आलेला पैसा कोठून गळतो, हे पाहणे हेही संघटनेचेच काम आहे.

आणि प्रश्न नुसत्या पैशाचा नाही. मध्यंतरी ठेकेदाराकडे डबे धुण्याचे काम केलेला एक कामगार युनियन ऑफिसात आला. काम सुटले होते आणि पीएफचे पैसे काढायचे होते, पण ओटीपी येईना. चौकशी करता कळले की आधारला जोडलेला त्याचा नंबर रिचार्जअभावी बंद पडून गेलेला. नवा नंबर जोडण्यासाठी आधार केंद्रात खेपा घालाव्या लागल्या. स्वतःच्याच पैशासाठी त्याचे तीन खाडे झाले. त्या दिवशी मला पटले की मोबाईलचा नंबर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, तो रेशनकार्डासारखा जपायचा कागद झाला आहे.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा हे यंत्र साहेबलोकांचे होते. आलेल्या फोनचेही पैसे पडत. मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले, दहा-दहा रुपयांचे छोटे रिचार्ज पानाच्या टपरीवर मिळू लागले आणि गँगमनपासून घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत सर्वांच्या हाती फोन आला. हे शक्य झाले ते प्रीपेडमुळे.

प्रीपेड ही कामगाराच्या सोयीची पद्धत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोस्टपेड म्हणजे वाण्याची उधारीची वही. महिनाभर वापरा, आकडा शेवटी कळेल. भाड्याच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा आणि बिल भरायला उशीर झाला तर दंड निराळा. प्रीपेडमध्ये जीएसटी छापील किमतीतच धरलेला असतो. जेवढे भरले तेवढेच गेले. पोराने रात्रभर सिनेमा पाहिला तरी घराचे बजेट कोसळत नाही. रोखीचा व्यवहार गरिबाला नेहमीच बरा.

पण या रोखीच्या व्यवहारातही माप मारले जाते. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी नंबर चालू ठेवण्यासाठी २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचे रिचार्ज आणले. पुढे ही रक्कम वाढतच गेली. उदाहरणादाखल एअरटेलचे जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे भाव घ्या. २८ दिवसांचे अमर्याद कॉलचे रिचार्ज १९९ रुपयांना झाले. ते तेरा वेळा केले तर वर्षाला २,५८७ रुपये होतात. त्याच कंपनीचे ३६५ दिवसांचे रिचार्ज १,९९९ रुपयांना होते, म्हणजे ५८८ रुपयांची बचत. घरात तीन फोन असतील तर १,७६४ रुपये. दर पुढे बदलतील, कंपनीही बदलेल. हिशेबाची रीत तीच राहील : रिचार्जची रक्कम भागिले दिवस. रोजचा दर काढल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आता नियम काय सांगतात ते पाहू. ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारे निदान एकेक रिचार्ज ठेवलेच पाहिजे. दुकानदार ते आपणहून सांगत नाही, मागावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने इंटरनेट नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज ठेवणे बंधनकारक केले. साधा फोन वापरणाऱ्या आपल्या निवृत्त बंधूंनी आणि गावाकडच्या आई-वडिलांनी तेच घ्यावे. २०१३ च्या नियमानुसार ९० दिवस वापर नसल्याशिवाय नंबर बंद करता येत नाही, आणि खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत आणखी ३० दिवस वाढते. या काळात फोन लागेलच असे नाही, पण नंबर हातचा जात नाही. न मागितलेल्या गाण्यांचे, जोतिषाचे पैसे कापले जात असतील तर १५५२२३ वर ती सेवा बंद करता येते. कंपनी नीट वागत नसेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे.

परंतु खरी गोम पुढेच आहे. वर्षाचे रिचार्ज स्वस्त पडते ते कोणाला? ज्याच्या हातात एकदम दोन हजार रुपये आहेत त्याला. रेल्वेच्या कायम कर्मचाऱ्याला दसऱ्याच्या आधी बोनस मिळतो. त्यातून त्याने घरातल्या फोनची वर्षाची तरतूद करून टाकावी. पण ठेकेदाराकडच्या कामगाराला तो बोनस नाही. तो दोनशेची नोट मोडतो आणि त्याच सेवेला जास्त पैसे देतो. सुट्या साखरेचा भाव नेहमी पोत्यापेक्षा चढाच असतो, हे आपल्या आया-बायांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली आपल्यासाठी : शाखांनी आपल्या पतपेढ्यांकडे आग्रह धरावा की वर्षाच्या रिचार्जसाठी लहान बिनव्याजी उचल द्यावी, बारा हप्त्यांत फेडायची. ठेकेदारी कामगारांनाही त्यात सामावून घ्यावे. दुसरी सरकारसाठी : एखादे रिचार्ज ३० दिवसांचे ठेवून भागणार नाही. महिना म्हणून विकले जाणारे प्रत्येक रिचार्ज पूर्ण महिन्याचे असावे.

ही मागणी अवाजवी नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने ठरवले की पगाराचा कालावधी एका महिन्याहून मोठा असता कामा नये. मालकाचा महिना लांबू नये म्हणून कायदा झाला, तर कंपनीचा महिना आखडू नये म्हणून का होऊ नये? पगार तीस दिवस राबल्यावर मिळतो. त्याच पगारातून विकत घेतलेला महिनाही तीस दिवसांचाच हवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!