सगळं दुखणं उष्णतेचंच नसतं

नांदेड-लातूरकडे संबंधाच्या वेळी दुखू लागलं की बाई कारण स्वतःच ठरवून मोकळी होते. अंगात उष्णता झाली, अशक्तपणा आला, नाहीतर मूल बंद करायच्या ऑपरेशनचंच हे. मग धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायचं नि मुकाट्यानं सोसायचं.

खरी कारणं निराळी असतात. पांढरं जाऊन आग, खाज होत असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो. बाळंतपणातल्या टाक्यांचा व्रण दुखतो. अंगावर पाजताना किंवा पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो. कधी आजार गर्भाशयाचा असतो, तर कधी भीतीनं स्नायू आवळतात.

डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांतल्या बायका तपासल्या. १९८९ साली निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि आधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के!

म्हणून लाजू नका. दोन्ही शहरांत सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना आहे. तिथं डॉक्टरीणबाईंना एवढंच सांगा: तोंडाशी दुखतं की आत, आणि केव्हापासून. संसर्ग निघाला तर यजमानांनाही औषध लागू शकतं. आणि दुखत असताना ‘आज नको’ म्हणणं म्हणजे रुसवा नव्हे, हे त्यांनाही समजावून सांगा.