‘कासवच तर होतं, बाई!’

रुपया गेल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजणं सोडून दिलं. शेजारीण म्हणाली, दूधवाला म्हणाला, एकेकाळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा आणि आता स्वतः आजोबा झालेला एक विद्यार्थीही म्हणाला. त्यांचा राग नाही. पण ज्यांच्या हातून ते गेलं त्या डॉक्टरांनीही हेच म्हटलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हणून हा लेखनप्रपंच.

रुपया म्हणजे आमचं कासव. २०१५ च्या उन्हाळ्यात मुलानं नातीसाठी पुण्यातल्या एका फिशटँकच्या दुकानातून आणलं. रुपयाच्या नाण्याहून थोडंच मोठं, हिरवंगार, कानाशी लाल पट्टा. दुकानदार म्हणाला, “एवढंच राहतं.” साफ थाप! हे अमेरिकेतलं कासव लहान ताटाएवढं होतं आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं. खुद्द अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण पोरं ती तोंडात घालतात आणि साल्मोनेलानं आजारी पडतात. युरोपीय संघानं १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. आम्हाला यातलं काय ठाऊक? पुढे मुलगा बंगळूरला गेला, नात गेली, आणि रुपया माझ्याकडे साताऱ्याला राहिला. जवळजवळ दहा वर्षं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की टबात धडपड सुरू. मला ओळखत होतं की जवळ्याच्या डब्याला, या वादात मी पडत नाही.

आधी माझा गुन्हा सांगते. मी त्याला वर्षानुवर्षं सुका जवळा आणि भाताची शितं घातली. टब खिडकीच्या काचेआड ठेवला आणि ऊन मिळतंय असं समजले. कासवाला उन्हातले जे किरण लागतात ते काच अडवते, हे मला फार उशिरा कळलं. जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडलं की कासवाचे डोळे सुजतात. रुपयाचे जानेवारी २०२५ च्या थंडीत सुजले. नाकातून बुडबुडे यायला लागले, खाणं सुटलं. तेव्हा आजारी पाडलं ते मीच. यात डॉक्टरांचा काही दोष नाही.

डॉक्टर गाईगुरांचे आणि कुत्र्यांचे, हाताला चांगला गुण असलेले. त्यांनी रुपयाला उलटं केलं, सुलटं केलं, “जंत असतील, एक इंजेक्शन देऊ,” म्हणाले आणि दिलं. पाच मिनिटं लागली असतील. संध्याकाळी रुपयाची मान बाहेर आली ती आत जाईना. पाय फडक्यासारखे लोंबायला लागले. फोन केला तर म्हणाले, “औषधाची सुस्ती आहे, झोपू दे.” सकाळी घेऊन गेले तर बोट लावून म्हणाले, “गेलं.” दुपारी जास्वंदीखाली पुरलं.

केसपेपरचा फोटो नातीला पाठवला. तिनं औषधाचं नाव वाचलं: आयव्हरमेक्टिन. औषध वाईट नाही हो. ते शोधणाऱ्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. गुरांना देतात, माणसांनाही देतात. पण कासवाला नाही. कासवाच्या मज्जासंस्थेवर ते असं चढतं की हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास थांबतो. पशुवैद्यकाच्या नियतकालिकात हे १९८३ सालीच छापून आलंय.

मी केसपेपर घेऊन गेले आणि एकच प्रश्न विचारला, “हे कासवाला चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं का?” उत्तर आलं, “ते तसंही मरणारच होतं.” आणि मग ते वाक्य. वर, “दुसरं आणा ना.”

माहीत नसणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. पशुवैद्यकाच्या साडेपाच वर्षांच्या अभ्यासात मोठा वाटा गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांचा असतो, आणि तो असायलाच हवा; शेतकऱ्याचं घर त्यांच्यावर चालतं. पण “बाई, मला कासवातलं कळत नाही, पुण्याला न्या” एवढं म्हणायला काय लागतं? पुणे इथून एकशे दहा किलोमीटर. पिशवीत टॉवेल घालून मी एसटीनं गेले असते. आणि “मरणारच होतं” हेही खरं नाही. सुजलेले डोळे वेळेवर उपचार केले तर बरे होतात. इंजेक्शननंतरही नळीनं श्वास देत काही दिवस तगवलेली कासवं वाचल्याची उदाहरणं आहेत. ती संधी त्या ‘सुस्ती’नं घालवली.

चौतीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, तेव्हा हा रोग मला परका नाही. पाचवीतल्या एका मुलानं विचारलं होतं, “बाई, कासव कवच काढून बाहेर येतं का?” मला माहीत नव्हतं. “येतं की, गोगलगायीसारखं!” असं मी ठोकून दिलं. (गोगलगायही येत नाही, ते आणखी वेगळं.) कवच म्हणजे त्याचा कणा आणि बरगड्याच. तो मुलगा ते किती वर्षं खरं मानत राहिला कोण जाणे. पण माझ्या थापेनं कुणाचा जीव गेला नाही, आणि आज मी ती कबूल करते आहे.

काही जण म्हणतात, डॉक्टरांवर हल्ले होण्याच्या दिवसांत असं लिहू नये. मी आवाजसुद्धा चढवला नाही. नावही लिहिलेलं नाही. पण प्रश्न विचारणं म्हणजे हल्ला असेल, तर मग शाळाच बंद करा.

एक गोष्ट मात्र झोपू देत नाही. कासव मेलं हे ठरवणं फार अवघड असतं असं मी नंतर वाचलं. लुळं, गार पडलेलं असलं तरी हृदय अगदी मंद चालू असू शकतं. बोट लावून ते कळत नाही. आणि मी त्याच दुपारी पुरलं. नातीला हे सांगितलेलं नाही.

डॉक्टरांना पत्र टाकलंय. दोनच मागण्या. औषधं ठेवायच्या कपाटावर ‘आयव्हरमेक्टिन कासवाला नाही’ अशी चिठ्ठी चिकटवा, आणि पुढचं कासव आलं तर पुण्याचा पत्ता द्या. उत्तर आलं तर इथेच कळवीन.