क्राव्ह मागा शिकावे का?

क्राव्ह मागा ही इस्रायली सैन्याची हातघाईच्या लढाईची पद्धत. ती घडवणारे इमी लिख्टेनफेल्ड १९६४ मध्ये सैन्यातून निवृत्त झाले आणि सामान्य नागरिकांनाही शिकवू लागले. आज आपल्या शहरांतही तिचे क्लास आहेत. माझे मत असे: जरूर शिका, पण त्यातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे समजून घ्या.

आधी जमेची बाजू. भीती वाटली की अ‍ॅड्रिनालिन वाढते, हात थरथरतात, नजर एकाच जागी खिळते. अशा वेळी बोटांची नाजूक कामे जमत नाहीत. ढकलणे, कोपर मारणे, पळणे जमते. या पद्धतीचा भर अशाच सोप्या हालचालींवर आहे. शिवाय दमही वाढतो.

आता मर्यादा. सैनिक तरुण असतो, वैद्यकीय तपासणीतून निवडलेला असतो आणि नियमित सराव करतो. एका दिवसाच्या शिबिरातून धीर येतो, कौशल्य नाही. समोर चाकू असेल तर पाकीट देऊन टाकणेच शहाणपणाचे.

दुसरे असे की, सैन्याच्या प्रशिक्षणात समोर शत्रू असतो. आपल्याकडे नोंदवलेल्या बलात्कारांत मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असल्याचे एनसीआरबीचे अहवाल सांगतात. नातेवाइकाला किंवा साहेबांना ठाम ‘नाही’ म्हणणे ठोशापेक्षा अवघड असते. कॅनडातील विद्यार्थिनींना १२ तासांच्या एका कार्यक्रमात धोका ओळखणे, ओळखीच्या माणसालाही विरोध करणे आणि थोडे स्वसंरक्षण शिकवले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभरातील बलात्काराचे प्रमाण इतर मुलींत ९.८ टक्के, तर या मुलींत ५.२ टक्के आढळले.

वय चाळिशीपुढे असेल, बीपी, हृदयविकार, गुडघेदुखी किंवा हाडांचा ठिसूळपणा असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. गळा आवळण्याचा सराव जोर लावून करू नका. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी सराव बंद. उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असेल तर लगेच रुग्णालय गाठा.

क्लास निवडताना पाहा: ओरडणे, निसटणे, ११२ वर फोन करणे शिकवतात का? नुसतेच मारायला शिकवत असतील तर दुसरा क्लास शोधा.

आणि प्रशिक्षण घेऊनही प्रसंगी कोणी जागच्या जागी गोठून गेले, तर ‘प्रतिकार का नाही केलास?’ असे विचारू नका. गोठणे ही शरीराची नैसर्गिक प्रतिक्रिया आहे. दोष हल्ला करणाऱ्याचाच.