संस्थेच्या नावाचा सातबारा कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, जमिनीच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव लागावे म्हणून आपण किती खेटे घातले! हिंदू वारसा कायद्यात मुलींना हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, देशाने २००५ साली. आणि आपल्याच संस्थेचा एक सातबारा मात्र आपण खुशाल परक्याच्या नावावर ठेवतो. तो म्हणजे डोमेन, इंटरनेटवरचे आपले नाव.

आमचे मदत केंद्र संगमेश्वरात आहे. वेबसाइट एका ओळखीच्या मुलाने करून दिली. नाव त्याने स्वतःच्या खात्यावर नोंदले, मुदतीच्या सूचनाही त्यालाच जात. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला. गेल्या पावसाळ्यात मुदत संपली आणि त्याच नावावर चालणारा आमचा ईमेल बंद पडला. वीज आणि नेटवर्क जातच असते, म्हणून बारा दिवस आम्ही पावसालाच बोल लावत बसलो. त्या दिवसांत एका बाईने मावसबहिणीच्या फोनवरून लिहिलेली तक्रार परत गेली. शेवटी ती स्वतः एस.टी.ने आली, म्हणून आम्हाला कळले. जी येऊ शकली नसेल, तिचे काय?

धोका याहून मोठा आहे. मुदत संपल्यावर काही दिवस सवलत मिळते. डॉट ऑर्गसारख्या नावांना त्यानंतर ३० दिवस जबर शुल्क भरून नाव सोडवता येते. पुढे ५ दिवसांनी ते कोणीही विकत घेऊ शकतो, आणि घेणाऱ्याने ठरवले तर आपल्या पत्त्यावर येणारी पत्रे त्याच्या हाती पडतात. मारहाणीची हकिगत, राहण्याचा पत्ता, मुलांची शाळा. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याचा आधार शोधत आलेल्या बाईचा विश्वास आपण असा वाऱ्यावर सोडायचा?

"बायकांनी समुपदेशन करावे, कॉम्प्युटरचे मुलगे बघतील," असे आम्हाला सांगण्यात आले. सांगणारे आपलेच हितचिंतक होते! बँकेचा व्यवहार पुरुष बघतील, असेही एके काळी असेच प्रेमाने सांगितले जाई.

आमची हिशेब लिहिणारी मैत्रीण बारावी शिकलेली. मी एम.एस.डब्ल्यू., म्हणजे या बाबतीत तिच्याइतकीच अडाणी. दोघींनी एका जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन हे फुकट मिळणारे लिनक्स घातले. त्यावर अपाची हा वेब सर्व्हर, पीएचपी आणि माहिती साठवायला मारियाडीबी. डेटाबेस करून त्याला वेगळा वापरकर्ता व पासवर्ड दिला. डोमेनमॉड हे मुक्त सॉफ्टवेअर उतरवून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवले, नमुना फाइलची प्रत करून तीत डेटाबेसचा तपशील लिहिला आणि ब्राउझरमधून उरलेली मांडणी पूर्ण केली. सुरुवातीचा पासवर्ड लगेच बदलला. क्रॉनमध्ये एक ओळ घातली, म्हणजे मशीन ठरल्या वेळी तारखा तपासते आणि मुदत जवळ आली की ईमेल करते. हा ईमेल त्याच डोमेनवर मागवू नका; डोमेन बुडाले तर सूचनाही बुडेल! हे मशीन बाहेरच्या इंटरनेटला उघडे ठेवलेले नाही. दर शनिवारी डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात कुलूपबंद करतो. दोन ठिकाणी अडलो, चार दिवस गेले. आज तालुक्यातल्या तीन संस्थांची आणि बचत गटांची मिळून अकरा नावे त्यात आहेत: कोणत्या कंपनीकडे, कोणाच्या खात्यावर, मुदत कधी, खर्च किती.

एकच नाव असेल तर वहीही पुरे. शिवाय सॉफ्टवेअर ही फक्त नोंद आहे. ते मालकी देत नाही, पैसेही भरत नाही. म्हणून आधी खाते संस्थेच्या नावावर करून घ्या, पासवर्ड दोन कार्यकर्त्यांकडे ठेवा आणि मुदत वाढवण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा.

वेबसाइटला पैसे देणाऱ्या आणि ती सांभाळायला शिकवण्यासाठी एक रुपयाही न देणाऱ्या देणगीदारांनाही विचारायला हवे: तुम्हाला आमचे काम उभे राहायला हवे आहे, की फक्त त्याचा फोटो?

पुढच्या बैठकीत सचिवांना एकच प्रश्न विचारा: आपले नाव कोणाच्या नावावर आहे? उत्तर मिळेपर्यंत बैठक सोडू नका.